गिरणीचा सा

चंपाक्का मगदुमांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्यावर ओरडत होत्या. त्यात विशेष काही नव्हतं. पिठाच्या गिरणीत ओरडल्याशिवाय कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, आणि चंपाक्का दिवसाचे दहा तास गिरणीत असत. पण त्या जे ओरडत होत्या ते ऐकून मी हातातला डबा खाली ठेवला.

"पावणं, तुमचा सूर पडला!"

पासष्ट सालच्या आसपासची ही गोष्ट. मी नुकताच बदली होऊन कोल्हापुरात आलो होतो. सरकारी कचेरीत कारकून. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून ज्वारीचा डबा घेऊन रांगेत मीच उभा होतो. रांगेत माणूस दुसरं काय करणार? गुणगुणत होतो. त्या खडखडाटात माझं गुणगुणणं मला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. ते या बाईला जात्याच्या पलीकडून कसं ऐकू गेलं, हे मला कळेना.

"गिरणी काळी दोनच्या पट्टीत घुमती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्या खाली चाललाय. तिच्यासंगं म्हणा बगू."

अनोळखी बाईच्या हुकमावरून, भर दुपारी, वीस माणसांसमोर मी गिरणीबरोबर सा लावला. चंपाक्कांनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "न्हाय. तुमचा सूर कायमचाच पडलाय. पर बोलणं स्वच्छ हाय. गुरुवारी या."

गुरुवारी कशाला, हे विचारायच्या आत त्यांनी माझा डबा उचलून जात्यावर ओतला होता.

बाई ठेंगणी, अंगानं भरलेली. भुवयांवर आणि पापण्यांवर कायम पिठाचा पांढरा थर, त्यामुळे चाळिशीतच सत्तरीच्या दिसत. हसल्या की पीठ गालावर सांडे. माहेर कुरुंदवाडचं, त्यामुळे भांडण रंगात आलं की एखादा कानडी शब्द घुसायचा. आणि कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारखं त्याही "मी आलो, मी गेलो" असंच बोलत. घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत नाही. त्यांच्या मंडळींची तालीम कधीही दिवेलागणीपुढे गेली नाही याचं कारण कुणाला कलेत सापडायचं नाही. ते आक्कांच्या जेवणात होतं.

मंडळी म्हणजे नाटक मंडळी, हे मला त्या गुरुवारी कळलं. चंपाक्कांना संगीत नाटक करायचं होतं. उत्सवातलं, चार बाकडी जोडून केलेलं नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानाशेजारच्या मोठ्या नाट्यगृहात, पडदा, ऑर्गन आणि तिसऱ्या घंटेसकट. आणि त्यात गाणारी सगळी माणसं आपल्या पेठेतली. पुण्या-मुंबईचा एकही गळा नाही. हे वेड ऐकून लोक हसत. पण पीठ तिथूनच दळून न्यायचं असल्यामुळे तोंडावर कुणी हसत नसे.

नट त्यांनी रांगेतूनच निवडले. रांगेतला माणूस कधी ना कधी गुणगुणतोच, आणि गुणगुणला की पकडला जातो. रसूलभाई असाच सापडला. तो कल्हईवाला. गल्लोगल्ली "कल्हईऽऽ" म्हणून हाक मारायचा आणि ती हाक चार गल्ल्या पलीकडच्या बायका ऐकून भांडी बाहेर काढायच्या. आक्कांनी त्याला राजा केला.

"आक्का, मी आन् राजा?" रसूलभाईनं दोन्ही पंजे पुढे धरले. "बोटं बगा माजी. कोळशागत काळी."

"राजाला अंगठ्या असत्यात. आठी बोटांत घालू," आक्का म्हणाल्या. संपला विषय.

राणी झाली सुशीलाबाई. ती नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. निम्म्या पेठेची पोरं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे ती रंगमंचावर आली की तिला नावं ठेवायची कुणाची छाती होणार नव्हती. नाटक लिहिलं गल्लीतल्याच एका पेन्शनर मास्तरांनी. राजा, रुसलेली राणी, मध्ये पडून मार खाणारा विदूषक, आणि चौदा पदं. मी प्रॉम्प्टर. सूर पडलेला पण बोलणं स्वच्छ असलेला माणूस दुसरीकडे कुठे बसणार?

"आक्का, तुम्ही का नाही काम करत? तुमच्यासारखा गळा कुणाचा आहे इथे?" मी एकदा विचारलं. खरंच होतं ते. जात्यावर हात ठेवून त्या गायला लागल्या की रांगेतले लोक आपला नंबर सोडून मागे उभे राहत.

"सासऱ्यांनी शब्द घेतलाय माज्याकडनं. तोंडाला रंग लावायचा न्हाय." मग पापण्यांवरचं पीठ झटकत म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या तोंडाला लावायचा न्हाय, असं काय म्हटलं न्हवतं त्यांनी."

तालीम व्हायची गिरणीतच, आणि गिरणी चालू असतानाच. दळण थांबवणं परवडणारं नव्हतं आणि तंबोरा आमच्याकडे नव्हता. गिरणीचा सा घ्यायचा आणि तिच्या वर आवाज काढायचा. भारनियमन नव्हतं, पण वीज मात्र हवी तेव्हा जायची. ती गेली की पट्टा सुस्कारा सोडून थांबे, सा नाहीसा होई, आणि गाणारा जिथे असेल तिथे गप्प बसून म्हणे, "लाईट गेली जणू." मग सगळे चहा पीत. दोन वर्षं हे असं चाललं. यात आपण काही चुकतोय हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला शहाणा समजत होतो.

त्या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती. आक्का मला तेच तेच दोनदा विचारू लागल्या. मला वाटलं, वय. एकदा मी डाव्या बाजूनं तीन हाका मारल्या तरी वळल्या नाहीत. वळल्या तेव्हा माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं.

"डावा गेलाय," त्या सरळ म्हणाल्या. "उजवा जायच्या मार्गावर हाय. राजारामपुरीतल्या डाक्टरला दाखवून आलो मी. गिरणी सोडा म्हणतोय. गिरणी सोडून काय खाऊ, त्याची गोळी?"

मी फिरून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"सात वर्साची असताना माज्या आप्पांनी गाडीनं नाटकाला आणलतं मला, कुरुंदवाडास्नं हितं, ह्याच थेटरात. शेवटच्या रांगेत बसलो. नाटक संपलं तवा आप्पा म्हणाले, कसं होतं? मी म्हणालो, अर्धंच ऐकू आलं." हे सांगताना त्यांचा हात सुपातल्या गव्हांत फिरत होता. "उरलेलं अर्धं ऐकायचंय मला. कान हाय तोवर. त्याच रांगेत बसून, आन् आपल्या माणसांच्या गळ्यातनं."

त्या दिवसापासून मी तालमीला एकदाही उशिरा गेलो नाही.

तारीख मिळाली. रविवारी दुपारी चारचा प्रयोग. अर्धं नाट्यगृह भरलं, त्यातली निम्मी माणसं आपल्या नर्सबाई राणीच्या वेषात कशा दिसतात ते पाहायला आलेली. आक्का शेवटच्या रांगेत. त्यांचं ठरलं होतं, राजाचं पहिलं पद शेवटच्या रांगेत नीट पोचलं की त्या हात वर करणार, म्हणजे पुढे सगळ्यांना धीर येईल.

पडदा उघडला आणि नाट्यगृहातली शांतता आमच्या अंगावर आली. गिरणीविना आम्ही कधी गायलोच नव्हतो. ऑर्गननं सा दिला, तो रसूलभाईला मुंगीएवढा वाटला असावा. तो गिरणीवर ओरडायचं तसा ओरडला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवले. सुशीलाबाई "प्राणनाथ" म्हणाली ती बाळंतिणीला दम भरल्यासारखी. तरी इथवर लोकांनी चालवून घेतलं. घात केला तो दिव्यांनी. राजाला स्वप्न पडतं त्या प्रवेशात नाट्यगृहाच्या दिवेवाल्यानं आपलं कसब दाखवायला हळूहळू उजेड कमी करत अंधार केला. रसूलभाई अंतऱ्याच्या मधोमध होता. दिवे गेले तसा तो थांबला. ऑर्गनवालाही थांबला. आणि काळ्याकुट्ट शांततेत राजा शांतपणे म्हणाला, "लाईट गेली जणू."

मी विंगेतून जीव तोडून "म्हणा, पुढे म्हणा" करत होतो. हशा इतका उसळला की माझं मलाही ऐकू येईना. कुणीतरी ओरडलं, "आक्काऽ, गिरणी चालू करा!" त्यानंतर नाटक झालं असं म्हणायचं तर म्हणता येईल. मी अंधारात शेवटच्या रांगेकडे पाहिलं. हात वर झाला नाही.

माझा असा अंदाज होता की प्रकरण इथे मिटलं. दुसऱ्या दिवशी सोमवार, गिरणी बंद. मंगळवारी मी गेलो तर आक्का जात्याला टाकी देत बसल्या होत्या. छिन्नीचे घाव जरा जास्तच जोरात पडत होते.

"मला शेवटच्या रांगेत हसणं मातर स्वच्छ ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "म्हंजे कान अजून हाय. चला."

"कुठे?"

"रसूलकडं."

रसूलभाई भट्टीसमोर मान खाली घालून बसला होता. "आक्का, नको. गल्लीत हाक मारायची चोरी झालीया. मी 'कल्हई' म्हणायच्या आदी पोरंच म्हणत्यात, लाईट गेली जणू."

"मग चांगलं झालं की. नाव झालं तुजं," आक्का म्हणाल्या. मग त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. "रसूल, चूक तुजी न्हाय. मी शिकवलं तसं तू गायलास. सा गिरणीतनं घ्यायला शिकवला मी. आता पोटातनं घ्यायला शिकवतो. तुला यायचं न्हाय तर सांग, मी दुसरा राजा बगतो. पर मग मला त्याला बी अंगठ्या घ्यायला लागतील."

रसूलभाईनं आपली काळी बोटं पसरून पाहिली. मग हसला. मला त्या वेळी त्या बाईबद्दल जे वाटलं ते आदराच्याही पलीकडचं होतं. चुकीतला स्वतःचा वाटा इतक्या सहज उचलून खांद्यावर घेणारी माणसं मी कचेरीत तीस वर्षांत दोन पाहिली नाहीत.

मग दळण फक्त सकाळी, असा नियम झाला. दुपारी तीन ते पाच गिरणी बंद, गाणं चालू. गिऱ्हाइकं चिडली, काही दुसऱ्या गिरणीत गेली. आक्कांनी पाटी लावली नाही, समजूत काढली नाही. "पीठ सकाळी," एवढंच म्हणायच्या.

आणि अण्णांना काम मिळालं. अण्णा म्हणजे आक्कांचे यजमान, अत्यंत अबोल गृहस्थ. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना प्रथमच सत्ता मिळाली. त्यांनी मेन स्विचजवळ स्टूल टाकून बसायचं आणि मनात येईल तेव्हा, काहीही न सांगता, दिवा घालवायचा. त्या बिनखिडकीच्या गिरणीत मिट्ट काळोख व्हायचा. कधी उलटं करायचं, भर पदात गिरणीच सुरू करायची. जो थांबेल त्यानं संध्याकाळी गिरणी झाडायची. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी झाडली. सुशीलाबाईनं तर दोनदा. अण्णा इतके रंगले की राणी हळव्या स्वरात आली की त्यांचा हात स्विचकडे जायचाच. सहा महिन्यांनी झाडायला कुणी उरलं नाही, शेवटी अण्णांनाच झाडावी लागली. गाणं अंधारातही चालू राहत होतं आणि खडखडाटातही. दिव्यासाठी, गिरणीसाठी कुणी थांबत नव्हतं. आणि शांततेत हळू गाता येतं, हाही शोध आम्हाला तेव्हाच लागला.

पण तारीख कोण देणार? नाट्यगृहाचे व्यवस्थापक भला माणूस, पण पोळलेला. "बाई, बाहेरचा एखादा नाव असलेला गायक आणा. राजा तो, बाकी तुमची माणसं. उद्या तारीख देतो."

"बाहेरचा आणला तर मला ऐकायचं ते ऐकू येणार न्हाय," आक्का म्हणाल्या. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

मग दर सोमवारी, गिरणीच्या सुट्टीला, त्या सूप आणि गहू घेऊन त्यांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसू लागल्या. भांडल्या नाहीत, अर्ज केला नाही. सकाळपासून दुपारपर्यंत गहू निवडायच्या आणि जाताना दारातून विचारायच्या, "कुठली तारीख हाय काय?" नाही म्हटलं की, "बरं. फुडल्या सोमवारी येतो." असे किती सोमवार गेले मी मोजले नाहीत. व्यवस्थापकांनी शेवटी हात टेकले. पण तारीख दिली ती कुणी फुकटसुद्धा घेतली नसती अशी. त्या दुपारी शेजारच्या खासबागेत कुस्त्यांचं मोठं मैदान होतं. कोल्हापुरात त्या दिवशी नाटक लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपासाचं ताट मांडणं.

"चालतंय की," आक्का म्हणाल्या. डाव्या कानानं आता काहीच ऐकू येत नव्हतं. उजवा, त्यांच्याच शब्दांत, "चाळणीतनं ऐकल्यागत" झाला होता. थांबायला वेळ नव्हता.

माणसं शंभर-सव्वाशे असतील. पहिला अंक बरा गेला, तरी शेवटच्या रांगेतला हात अजून वर झाला नव्हता. लोक हसायच्या तयारीनं आले होते, त्यांना हसायला जागा सापडेना, म्हणून ते ऐकू लागले. दुसऱ्या अंकात तेच स्वप्नाचं पद आलं. दिवेवाल्यानं या वेळी काही कसब दाखवायचं नाही असं मी स्वतः त्याला बजावून आलो होतो. रसूलभाईनं अंतरा घेतला आणि वीज गेली. खरीखुरी. दिवे, पंखे, मायक्रोफोन, सगळं एकदम. उजेडासाठी दारवानांनी बाजूचे दरवाजे सताड उघडले आणि त्या उन्हाबरोबर खासबागेतली हलगी आणि हजारो माणसांची आरोळी थेट आत घुसली.

मी वहीतून वर पाहिलं. रसूलभाईच्या चेहऱ्यावर उघड्या दारातून उन्हाचा पट्टा पडला होता आणि तो गात होता. थांबला नव्हता. श्वाससुद्धा चुकला नव्हता. हलगीचा आवाज वाढला तसा त्यानं आवाज उचलला, ओरडून नाही, पोटातून. चार गल्ल्या पलीकडच्या बायकांना ऐकू जायचा तोच गळा, पण आता सुरात. सुशीलाबाई पुढे आली आणि तिनं खालून त्याच्यात आपला सूर मिसळला. लोक आधी गप्प झाले, मग पुढे झुकले. दारवान दाराशी उभे राहून कुस्तीकडे पाठ करून ऐकत होते.

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. दाराच्या उजेडात आक्का स्पष्ट दिसत होत्या. उजवा कान पुढे करून बसलेल्या. मग त्यांचा हात वर गेला. अगदी सरळ, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. पद संपलं तरी तो खाली आला नाही. लोकांनी "वन्स मोअर" केला आणि रसूलभाईनं विजेची वाट न बघता ते पद पुन्हा म्हटलं. विंगेत प्रॉम्प्टरनं रडू नये असा संकेत आहे. मी तो पाळला नाही.

प्रयोगानंतर मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आलं ऐकू?"

"सगळं," त्या म्हणाल्या. "राहिलेलं अर्धं बी. दोनदा." आणि सूर्य मावळायला आला म्हणून जेवायला घरी गेल्या.

पुढे माझी बदली झाली. मंडळी चालू राहिली. आक्कांचा दुसरा कान गेल्याचं मला अण्णांच्या दोन ओळींच्या पत्रातून कळलं. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी, ऐंशी सालानंतर कधीतरी, कामानिमित्त कोल्हापुरात आलो तर नाट्यगृहाबाहेर आमच्या मंडळींचा फलक. नवीन नाटक. दुपारी चार. राजा कुणीतरी तरुण एसटी कंडक्टर होता. रसूलभाईची दाढी पांढरी झाली होती आणि तो प्रधान होता, अंगठ्या मात्र अजून आठी बोटांत.

मी सरळ शेवटच्या रांगेत गेलो. आक्का तिथेच होत्या. अंगानं उतरलेल्या, पण भुवयांवर पीठ तेच, की खरंच पांढऱ्या झाल्या होत्या कोण जाणे. मला पाहून त्यांनी माझा हात धरला आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पहिलं पद सुरू झालं. नवा राजा गाताना शेवटच्या रांगेकडे बघत होता, जसा रसूलभाई बघायचा. आणि समेवर आला त्याच क्षणी आक्कांचा हात वर गेला. राजाच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं मला तिथून दिसलं.

मी चकित झालो. खिशातून पेन काढून नाटकाच्या जाहिरातीच्या कागदावर लिहिलं, "ऐकू येतंय?" आणि त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी वाचलं. मान हलवली, नाही. मग हनुवटीनं पलीकडच्या खुर्चीकडे दाखवलं. तिथे फेटा बांधलेला कुणी परगावचा शेतकरी डोळे मिटून बसला होता. त्याची मान डोलत होती आणि समेला हात मांडीवर पडत होता. आक्का त्याच्याकडे बघत होत्या, त्याच्या मानेकडे, हाताकडे.

"ह्या पावण्यास्नी येतंय की!" त्या म्हणाल्या. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळायचं काहीच कारण नव्हतं. आवाज गिरणीतला. पुढच्या चार रांगा दचकून वळल्या, फेटेवाल्यानं डोळे उघडले. आक्कांचा हात तसाच वर होता. रंगमंचावर मात्र कुणीही थांबलं नाही.